तुझा रुंद हेअरबँड

सूनबाई,

तोंड धुताना तू लावतेस तो रुंद हेअरबँड शोधत बसू नकोस, मी दुकानात घालून गेलेय. शिवायला वाकले की कानाचं मशीन निसटून कापडात पडायचं, म्हणून ते वर्षभर कपाटातच होतं. काल सहज तुझी पट्टी वरून चढवली, तर ते जागचं हललं नाही. एवढीशी पट्टी, तुम्ही पोरी पळताना लावता, समारंभात मिरवता, आणि तिनं मला अख्खं घर परत दिलं गं. सुई कापडात शिरते त्याचाही आवाज असतो, हे मी विसरूनच गेले होते.

संध्याकाळी बाथरूममध्ये नळ सोडून तू रडत होतीस, तेही ऐकलं. आज रडू आलं तर पाणी वाया घालवू नकोस, सरळ माझ्याकडे ये.

आई