घासून पुसून ठेवलेली लेबलं

प्रिय अफजल,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. हे मेलवर लिहिलं असतं, पण सायबर कॅफेतला प्रितेश माझ्या खांद्यावरून वाचत असतो आणि वर सल्लेही देतो.

अब्बांची लेबलं आठवतात ना? दुकानात येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवरची, हत्तीची, पोपटाची, पंखवाल्या परीची. ती आम्ही लिलावाच्या साइटवर विकायला काढलीत. अब्बांचीच इच्छा. काचबिंदूने एक डोळा गेला, दुसराही फार दिवस साथ देईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. डोळ्यांदेखत ती कुणा कदरदानाकडे जावीत, आपल्यामागे रद्दीत नकोत, एवढंच त्यांचं म्हणणं.

पण बाबा रे, हे कदरदान! रोज एकच प्रश्न, असली कशावरून? हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, इथे प्रत्येकाला आरसा हवा. कडांचे फोटो पाठवले, भिंग लावून छपाईचे ठिपके दाखवले, दुकानाची जुनी पाटीसुद्धा पाठवली. मग एकाने पाठची बाजू मागितली, आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. जुन्या लेबलाच्या पाठीला खळ असते, कापडाचे धागे चिकटलेले असतात. आपल्या अब्बांनी दर जुम्म्याला जेवण झाल्यावर प्रत्येक लेबल किटलीच्या वाफेवर सोडवलं, पाठ धुतली, इस्त्री केली. इतकी स्वच्छ पाठ बघून तो म्हणतो, ही तर कालची छपाई. त्याचंही काय चुकलं? जीव लावून धुतलेल्या वस्तूवर लोक संशय घेतात, हे अब्बांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

मी त्यांना अर्धंच सांगितलं. तरी त्यांनी ओळखलंच. मग म्हणाले, "लिख दे जैनब, नूरुद्दीनने आजतक खोटा माल विकलेला न्हाय." मी लिहिलं. उत्तर आलं नाही. आता मी कॅफेतून परतले की ते काही विचारत नाहीत, नुसते माझ्या चपलांचा आवाज ऐकत बसतात. खरं सांगू, मी थकलेय रे. खऱ्याला खरं म्हणत राहण्याचाही कंटाळा येतो.

ईदनंतर लेबलं पुन्हा लिलावाला लावणार आहे. तू बोली लाव. तुझ्या नावाने नको, कुठलंही परकं नाव घे आणि वर दोन ओळी लिही की माल बघताक्षणी ओळखला. तू घेतलीस असं कळलं तर ते म्हणतील, लेकाने कीव केली. त्यांना आपल्या माणसाची माया नकोय, अनोळखी माणसाचा विश्वास हवाय. तुला अवघड जाऊ नये. सहा वर्षं घरी आला नाहीस, परक्यासारखाच राहिलास. आता एकदा आमच्यासाठी परका हो.

तुझीच,
जैनबआपा