पंधरा साड्या, एक डिझाईन

८ जानेवारी १९९५, रविवार

श्रुतीच्या लग्नाला सहा आठवडे उरले. उषा आणि श्रुती सकाळी जेवून बाजारात गेल्या त्या दिवेलागणीला परतल्या. आणलं काय, तर एक परकर. तोही उद्या बदलून आणायचा आहे.

बायकांना खरेदी करायची नसते, दुकान बघायचं असतं. वाक्य चांगलं सुचलं म्हणून लगेच लिहून ठेवतो. पुरुषाचं तसं नाही. काय हवं ते ठरवायचं, जायचं, घ्यायचं, घरी यायचं. पाटबंधारे खात्याच्या खरेदी विभागात माझी हयात गेली. पंप घेतले, पाइप घेतले, ट्रक भरभरून सिमेंट घेतलं. एकाही पंपाला 'जरा बाहेर उजेडात दाखवा' म्हटलं नाही.

हे सगळं जेवताना सांगितलं. उषाने भाजी वाढली. श्रुतीने टीव्हीचा आवाज वाढवला. केबल आल्यापासून या घरात विचार ऐकायला कोणी नाही.

१० जानेवारी

मानपानाच्या साड्यांचा विषय निघाला. सीमांतपूजनाला मुलाकडच्या बायकांना द्यायच्या त्या. आधी विहीणबाई अहल्याताई, मग त्यांच्या थोरल्या जाऊबाई, मग आत्या, काकू, मावश्या. पंधरा जणी. प्रत्येकीची साडी तिच्या मानाप्रमाणे हवी, शिवाय तिच्या रंगाला, वयाला आणि स्वभावाला शोभेल अशी. स्वभावाला! मंडळी इंदूरची, कापडातली दर्दी. उषाच्या हिशेबाने अजून चार-पाच फेऱ्या.

मी म्हणालो, एका फेरीत आणतो. अर्ध्या तासाचं काम.

उषाने हातातली वही मिटली. मग म्हणाली, आणा.

विरोध नाही, उलट प्रश्न नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या कार्यक्षमतेवर हा पहिला विश्वास. ऊर भरून आला.

११ जानेवारी

ऑफिसात बसून योजना पक्की केली. पंधरा बायका, पंधरा साड्या, एक रंग, एक डिझाईन. याला घाऊक खरेदी म्हणतात. तिची भारी, माझी हलकी, हा रुसव्याचा मुद्दाच निकालात. तिकडे दिल्लीत परमिट राज मोडून काढलं आणि आमच्यात अजून थोरल्या जाऊबाईंचा वेगळा कोटा.

शेजारच्या टेबलावरच्या सक्सेनाला सांगितलं. तो म्हणाला, "भाभीजी से पूछ लिया?" सक्सेना बायकोला विचारून चहा घेतो. त्याच्याबद्दल वाईट वाटतं.

१५ जानेवारी, रविवार

दुकान नकोच. माल जिथे तयार होतो तिथूनच उचलावा. सकाळी स्कूटर काढली, थेट गावाबाहेरच्या भैरवगढला. तिथे लियाकतभाईंचं कापडछपाईचं काम मोठं आहे. पहिलंच कापड दाखवलं, मरून रंगाच्या जमिनीवर पिवळी पानं. बघताक्षणी पसंत. ते आणखी काही काढायला लागले, मी हातानेच थांबवलं. ठरवलं की ठरवलं.

काठ आणि पदर वेगळे काढायचे का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. सगळीकडे सारखंच छापा. म्हणजे कोणतंही टोक घ्यावं आणि पदर म्हणून खांद्यावर टाकावं. ही सोय आजवर कोणाला कशी सुचली नाही, कळत नाही.

लियाकतभाईंनी कापडाची घडी घातली. मग म्हणाले, "साहब, माल चलने वाला है. अभी फ्रीगंज में भी बड़ा ऑर्डर गया है." माझी खात्रीच पटली. फ्रीगंज म्हणजे शहरातली नवी वस्ती, तिथल्या लोकांना फॅशन कळते.

दोन आठवड्यांत छापून मिळेल. येताना पोहे-जिलबी. सगळं आटोपून दहाच्या आत घरी. उषा तेव्हा तोच परकर बदलायला निघाली होती.

१७ जानेवारी

स्वतःसाठी बूट घ्यायचे आहेत. मुलीचा बाप आहे, चपला घालून मांडवात उभा राहणार नाही. टॉवर चौकात नवी शोरूम उघडली आहे. काचेचं दार, आत गालिचा. पूर्वी काळा नाहीतर तपकिरी, विषय संपला. आता भिंतभर बूट. सात जोड घालून पाहिले. एकाचा डावा उत्तम, उजवा करंगळीला लागतो. घाई नको.

२० जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत टॉवर चौक. तपकिरी जोड जवळजवळ नक्की. पण हा तपकिरी आहे की काळपट लाल? दारापर्यंत नेला, मग बाहेर उन्हात नेऊन पाहिला. दुकानातले दिवे फसवे असतात.

२४ जानेवारी

टॉवर चौक. तीन जोड अंतिम फेरीत. सेल्समनने आज चहा विचारला नाही.

उषाने विचारलं, रोज कुठे उशीर होतो. बूट म्हणालो. ती म्हणाली, अजून? तिला समजावलं की ही खरेदी नव्हे, ही तांत्रिक तपासणी. बुटावर माणसाचा सगळा भार असतो. साडीवर कसला भार?

२९ जानेवारी, रविवार

साड्या आल्या. गठ्ठा दिवाणखान्यात मध्यभागी ठेवला आणि बाजूला उभा राहिलो.

उषाने एक उलगडली. दुसरी उलगडली. तिसरी उलगडून विचारलं, सगळ्या अशाच? सगळ्या, मी म्हणालो. मायलेकी स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटलं. आतून आवाज येत होता, हसण्याचा की रडण्याचा ते नीट कळेना. पसंती एकदम व्यक्त करता येत नाही काही लोकांना.

मग श्रुती बाहेर आली. डोळे लाल. म्हणाली, "बाबा, मला त्या घरात रोज राहायचंय."

मी म्हणालो, म्हणून तर सगळ्यांना सारखं. कोणी रुसायला जागाच नाही. ती माझ्या शर्टाचं वरचं बटण लावून आत गेली. लग्न जवळ आलं की मुली हळव्या होतात.

उषा एवढंच म्हणाली, "कपाटात ठेवा. मी बघते." काय बघते ते सांगितलं नाही.

१ फेब्रुवारी

उषा गोपाळ मंदिरात गेली होती. शेजारच्या कुसुमवहिनी बरोबर. दुपारी गेल्या, अंधार पडल्यावर आल्या. आरती लांबली असणार.

४ फेब्रुवारी

पुन्हा गोपाळ मंदिर. लग्नघरात देवाची आठवण होणं चांगलंच. एक गोष्ट नोंदवण्यासारखी. त्या मंदिराभोवती सगळा कापडबाजार आहे, दाराला दार लागून साड्यांची दुकानं. तरीही उषा सरळ देवाकडे जाते. माझ्या शिकवणीचा परिणाम दिसू लागला.

येताना मोठमोठ्या पिशव्या होत्या. प्रसाद म्हणाली. प्रसाद सळसळत होता, पण धार्मिक बाबतीत मी ढवळाढवळ करत नाही.

७ फेब्रुवारी

गोपाळ मंदिर. कुसुमवहिनींचे पाय सुजले म्हणे. एवढी भक्ती सोसायला हवी.

९ फेब्रुवारी

आज मन घट्ट करून टॉवर चौकात गेलो. तो तपकिरी जोड घ्यायचाच. विकला गेला होता. सेल्समन म्हणाला, काल एक जण आला, पाय घातला, घेऊन गेला. कसले उथळ लोक. बूट पायात घालून चार पावलं चाललाही नसेल.

आता शून्यातून सुरुवात.

१३ फेब्रुवारी

संकल्प: परवापर्यंत बूट. काहीही झालं तरी.

१६ फेब्रुवारी

बूट उद्या.

१७ फेब्रुवारी

आचारी, मांडव, बँड, पत्रावळी. जुन्या चपलांना पॉलिश केलं. चपला शोधायलाच अर्धा तास गेला, त्यातली एक उषाच्या पिशवीत सापडली. बायका काय काय कुठे ठेवतात.

१८ फेब्रुवारी, शनिवार. सीमांतपूजन झाल्यावर

क्रमाने लिहितो.

इंदूरची मंडळी दुपारीच आली. फ्रीगंजातल्या मंगल कार्यालयातच त्यांची उतरायची सोय. मी सामानाकडे नजर टाकली आणि धसकलो. साड्यांचा गठ्ठा नाही. लग्नाच्या गडबडीत उषा नेमकी मुख्य वस्तू घरी विसरली. तिला घाबरवायचं नाही म्हणून काही न बोलता स्कूटर काढली, घरी गेलो, गठ्ठा आणला. आणि मनात आलं, पूजेत कोणाच्या लक्षातही येणार नाही की निवड कोणाची. त्यापेक्षा आपणच आधी विहीणबाईंना दाखवावं.

अहल्याताई खोलीत गादीवर बसल्या होत्या. शेजारी थोरल्या जाऊबाई आडव्या झाल्या होत्या. मी नमस्कार केला, गठ्ठा सोडला, वरची साडी काढून त्यांच्यासमोर गादीवर पसरली.

ती दिसेनाशी झाली.

खाली मरून जमीन, पिवळी पानं. वर मरून जमीन, पिवळी पानं. चादर तीच. पलीकडच्या गादीवर तीच. उशांचे अभ्रे तेच. मला लियाकतभाईंची फ्रीगंजची मोठी ऑर्डर आठवली आणि तिथेच कानापर्यंत तापलो. कार्यालयाचा मॅनेजर दारातून म्हणाला, "नई चादरें डलवाई हैं साहब, आप ही के लिए."

जाऊबाईंनी झोपल्या झोपल्या गठ्ठ्यातली एक ओढून पायावर घेतली. तिची घडी मोडायचीसुद्धा तसदी घेतली नाही. पाय उबदार झाले असावेत, कारण त्यांनी लगेच डोळे मिटले.

अहल्याताई म्हणाल्या, "किती विचार करून राहिले हो तुम्ही आमचा. मी आत्ताच म्हणत होते, पांघरुणं कमी पडतील. आणि तुम्ही स्वतः घेऊन आले."

मी तोंड उघडलं. या साड्या आहेत, मी स्वतः निवडल्या आहेत, यामागे एक विचार आहे, सगळं जिभेवर होतं. पंधरा साड्या, एक डिझाईन, कोणतंही टोक पदर. तेवढ्यात दारात श्रुती दिसली. हातात चहाचा ट्रे, चेहरा पांढराफटक. गठ्ठा तिने ओळखला होता.

मी म्हणालो, "हो. थंडी आहे."

आणि उरलेल्या तेरा मी स्वतः सगळ्या गाद्यांवर वाटल्या. एकेका पायथ्याशी, नीट घडी करून. श्रुतीने ट्रे खाली ठेवला आणि माझ्याबरोबर वाटायला लागली. आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, तेव्हा मात्र थोडी कमी झाली.

पाचला पूजन. पाय धुऊन झाल्यावर मी डोळे मिटून उभा होतो, आता उषा काय देणार म्हणून. कुसुमवहिनींनी त्या प्रसादाच्या पिशव्या पुढे केल्या. अहल्याताईंना जांभळी महेश्वरी. जाऊबाईंना चंदेरी, फिकी, पण काठ भारी. आत्याबाईंना झगझगीत, कारण त्यांचा स्वभाव तसा आहे, हे मलाही एका दुपारीत कळलं होतं. पंधरा जणी, पंधरा तऱ्हा. अहल्याताई साडी घेऊन उठल्या, दाराशी गेल्या, मावळत्या उजेडात उलटीसुलटी करून बघितली. सगळ्या जमल्या. उषाही जाऊन उभी राहिली. तिथे त्या सगळ्या मिळून एका काठाबद्दल इतकं बोलल्या, की गुरुजींना दोनदा खाकरावं लागलं. श्रुती त्यांच्या मध्ये उभी होती आणि हसत होती.

गोपाळ मंदिराचा उलगडा मला तेव्हा झाला. तसा थोडा संशय होताच.

१९ फेब्रुवारी, रविवार. पहाटे

चपला घालून निघत होतो तर उषाने एक खोकं पुढे ठेवलं. आत बूट. तपकिरी. घातले. करंगळीला लागत नाहीत.

विचारलं, कधी घेतले, माप कसं घेतलं. ती म्हणाली, चपलेचा जोड बरोबर नेला होता, कुसुमवहिनी खणाचा भाव करत होत्या तेवढ्यात घेतले. एक चप्पल पिशवीत राहूनच गेली होती. उजेडात बघितले का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. बूटच तर आहेत.

श्रुती आज जाणार. बूट चांगले आहेत. बाकी नंतर लिहीन.

५ मार्च, रविवार

घर फार शांत आहे. टीव्हीचा आवाज मीच वाढवतो.

इंदूरहून श्रुतीचा फोन. कार्यालयातून निघताना त्या मंडळींनी आमच्या पंधरा बरोबर नेल्या म्हणे, आहेर समजून. धुतल्या, रंग जात नाही. अहल्याताईंनी घरातल्या सगळ्या पलंगांवर घातल्या आहेत. एकाही साडीला कोणी नाव ठेवलं नाही, शिवाय चादरींचं कौतुक चाललं आहे. सासूबाई म्हणतात, तुझ्या आईला साडीतलं कळतं आणि बाबांना चादरीतलं. आणखी चार हव्या आहेत. एवढं सांगून श्रुती इतकी हसली, की मला पुढचं ऐकूच आलं नाही. हसते आहे ना, म्हणजे तिथे बरं चाललं आहे.

उषाला म्हणालो, भैरवगढला जाऊन लगेच आणतो, अर्ध्या तासाचं काम. ती पदर खोचून म्हणाली, चला, मीही येते.

बूट घालून दारात उभा आहे. ती अजून साडी बदलते आहे.