आरशावरचा अंगठा

लिहून ठेवतो की, मी, दुर्बिणींचे आरसे घासून पोट भरलेला, वय एकोणऐंशी, डोक्याने ठणठणीत (गुडघ्यांबद्दल दावा नाही), कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्यामागची व्यवस्था ठरवीत आहे. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर थोरला मुलगा व धाकटी मुलगी यांना समान. अट कलम ४ मध्ये. बँकेतील ठेव सुनेला. या घरात दोघांचेही ऐकून घेणारी ती एकटीच, म्हणून या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच.

२. हत्यारे समोरच्या चष्मेवाल्यांना. मागच्या बंगलेवाल्यांना माझा काळा पडदा. गच्चीवरचा प्रखर दिवा विझवा, तारे दिसत नाहीत, म्हणून सांगून माझी जीभ झिजली. निदान आता पडदा तरी लावा.

३. पत्नीचा धर्मग्रंथ मुलीला. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, नाक मुरडेल, मुरडू नये. माझ्या दुर्बिणीचा मोठा आरसा मुलाला. तो प्रवचने करतो आणि सगळे शोध ग्रंथात आधीच आहेत म्हणतो. मग आरशातून बघायला काय हरकत आहे? मी त्यातून असा उजेड पाहिला आहे, जो पृथ्वीवर माणूस जन्मायच्या आधी निघाला होता. दर वेळी माझे हात आपोआप जुळत. कोणापुढे, ते मला अजून ठाऊक नाही.

पत्नी गेल्यानंतर मुलाने आई ग्रंथ पुसायची त्याच फडक्याने, तितक्याच भक्तिभावाने आरसा पुसला. आरसा असा पुसायचा नसतो. धुळीने चांदीचा थर ओरखडला. मुलगी म्हणाली, "दादा, तुझी भक्ती हात लावील तिथं ओरखडेच." तो म्हणाला, "तुझ्या विज्ञानानं आईला वाचवलं का गं?" तेव्हापासून दोघांत अबोला आहे. मला तो सहन होत नाही, हे इथे स्पष्ट लिहितो.

४. काच शाबूत आहे. दोघांनी मिळून आरशाला पुन्हा चांदी चढवावी. त्याशिवाय घर कोणाच्याही नावावर होऊ नये. हे एकट्याचे काम नव्हे. एकाने द्रावण ओतायचे, दुसऱ्याने आरसा ठेवलेली परात हलवत राहायची. परात त्यांची आई हलवायची, मनात प्रार्थना म्हणत. त्या लयीत थर एकसारखा बसे. मुलाला प्रार्थना पाठ आहे, मुलीला द्रावणाचे प्रमाण. उरलेले द्रावण साठवू नये, त्याचा स्फोट होतो. हे भांडणालाही लागू.

५. जुना थर उतरवल्यावर, नवा चढवण्याआधी, उघडी काच चाचणीच्या दिव्यासमोर ठेवावी. अंगठा टेकवला की तेवढ्या उबेने काच फुगते. एरवी डोळ्याला दिसत नाही. त्या दिव्यात तो फुगवटा टेकडीसारखा दिसतो आणि हळूहळू निवतो. त्यांच्या आईला एकदा दाखवले, तर ती म्हणाली, "अहो, एवढ्याशा उबेनं काच हलते? मग प्रार्थनेनंही काही हलत असेल की."

मी म्हटले, "ते मोजता येत नाही."

"तुमचा दिवा नव्हता तेव्हा हेही येत नव्हतं," ती म्हणाली. मी उत्तर शोधत राहिलो. अजून सापडलेले नाही, आणि त्यात मला सुखच वाटते.

तरी दोघांनी अंगठे एकदम, शेजारी शेजारी टेकवावेत आणि पाहावे. दोन टेकड्या दिसतील. भक्ताची कोणती आणि शास्त्रज्ञाची कोणती, ते ऐकायला मी नसेन. काच निवेपर्यंत कोणी बोलू नये.

ठिकाण: माडीवरची कामाची खोली. दिनांक: ९ फेब्रुवारी, आकाश स्वच्छ.

साक्षीदार: समोरचे चष्मेवाले (सही), घरचे डॉक्टर (सही, नेहमीप्रमाणे न वाचता येणारी).

लिहून देणार: सही. मला सही करता येते, तरी शेजारी अंगठाही उठवला आहे. मुलांनी त्यावर आपापला टेकवून पाहावा.