नाल्याकाठचा अर्धा हिस्सा

प्रिय सुदर्शन,

परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, विरोधाच्या अर्जावर सही कधी पाठवतेस?" आणि मी इथल्या थंडीचं बोलत बसले. तुझ्या लक्षात आलंच असेल.

शनिवारी मी आमच्या नीउ-व्हेनेप गावाहून हार्लेमला जाते, पाहुण्यांना जुनं शहर दाखवते. तिथे बसचा एक रुंद रस्ता आहे. दीडशे वर्षांपूर्वी तो कालवा होता. शहर वाढलं, सगळी घाण पाण्यात, वर पटकीची साथ; शेवटी कालवाच बुजवला. या खेपेला पुण्याहून नुकतीच आलेली चारुता म्हणून एक मुलगी होती. तिने विचारलं, "पण अशा कामांत कुणाच्या जागा गेल्या असतील ना?" मी म्हटलं, "त्यांची नावं कुठल्या रस्त्याला नाहीत बाई." सगळे हसले. मला मात्र तू दिसलास, आपल्या प्लॉटवर हात पसरून गॅरेजचं शटर कुठे येईल ते दाखवणारा.

नगरपरिषदेला सांडपाणी उपसायचं केंद्र नेमकं त्याच प्लॉटवर हवंय, कारण गावाचा सगळा उतार तिथे येतो. "एवढी वर्षं भाड्याच्या टपरीत पाने फिरवले, आता स्वतःची जागा झाली तर नगरपरिषदेला तिथेच गटार सुचलं," म्हणालास. हसू आलं मला. पण खालच्या आळीत दर पावसाळ्यात कावीळ येते ती प्लॉटशेजारच्या त्या उघड्या नाल्यामुळेच. यंदा तुझ्या जुईची सहामाही अंथरुणात गेली.

हे शहाणपण मला परवडतं, रे. मी नळाचं पाणी सरळ पेल्यात घेते, आणि आईचं सगळं तू करतोस.

बाबा गेल्यावर प्लॉट आपल्या दोघांच्या नावावर आला तेव्हा मामा तुझ्या मागे लागले, बहिणीकडून हक्कसोड करून घे. घरोघरी तेच चालतं. तू कागद पुढे केला नाहीस. म्हणालास, "ताईचं नाव राहू दे, तेवढंच तिचं माहेर."

त्याच नावाने मी काल नगरपरिषदेला माझ्या हिश्श्याची संमती कळवली. तुला आधी विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास आणि मी ऐकलं असतं, म्हणून विचारलं नाही. मोबदल्यातलं मला काही नको, हे लिहितानाही लाज वाटते. तिथले साहेब येऊन सांगण्याआधी तू माझ्याकडून ऐकावंस, एवढ्यासाठी हे पत्र. दिवाळीला येते म्हटलं होतं. येऊ की नको, ते आता तू सांग.

तुझीच, अजून म्हणू दिलंस तर,
योगिनीताई