मोनालीचे तारे

३ नोव्हेंबर
शाळेतल्या बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, आई गेल्यापासून मोनाली वर्गात बोलत नाही, पाढेही विसरली. चौथीत आहे. पाढे तिची आई, साधना घ्यायची, आता मी घेणार. महिनाभरात वीसपर्यंत पक्के! मोबाइलमध्ये पाढ्यांचा गेम टाकला. बरोबर उत्तराला तारा. रोज खेळलं की गेममधली ज्योत पेटती राहते. आवाज बंद ठेवला. घरात एवढ्यात टिंगटिंग बरं दिसत नाही.

५ नोव्हेंबर
पोरगी कोपऱ्यात मुकाट्याने खेळते. मी समोर मुकाट बसतो. उत्तम एकाग्रता. मेहुणी सत्यशीला शेजारीच राहते. डोकावून म्हणाली, भाऊजी, पोरगी शिकून राह्यली का शिक्षा भोगून राह्यली? दुर्लक्ष केलं.

१० नोव्हेंबर
मोनाली खेळलीच नाही. ज्योत विझू नये म्हणून कामावर, कापसाच्या जिनिंगमध्ये, जेवणाच्या सुट्टीत मी खेळलो. आजच्यापुरतंच.

१४ नोव्हेंबर
गेमच्या यादीत आर्णी तालुक्यात मोनाली पहिली! म्हणजे रोज खेळलो मी, पण नाव तिचंच आहे. पद्धत बरोबर आहे.

१७ नोव्हेंबर
सहज विचारलं, सात नवे किती? खाली बघत बसली. गेममध्येच काहीतरी बिघाड असणार. रागावलो. तर म्हणाली, आई हरली की ओरडायची, मी तिच्या हातावर टपली मारायची. तुम्ही काहीच नाही करत. गेमचे नियम पुन्हा समजावले.

२३ नोव्हेंबर, रविवार
मोनाली न विचारता मोबाइल घेऊन बुद्धविहारात गेली. साधना गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर मी तिकडे फिरकलो नव्हतो. तावातावाने गेलो. वंदना संपून पोरं पायऱ्यांवर बसलेली, दोन पार्ट्या पाडून. गेम तोच. आवाज फुल्ल. चुकेल त्याला टपली. मोनाली सगळ्यांच्या वरताण ओरडत होती, त्रेसष्ट! मी सांगितलं, एकेकाने, शांतपणे खेळा. सगळे गप्प. पुढचं उत्तर मोनालीचं चुकलं. सत्यशीलेचा संघदीप म्हणाला, काका, तुम्ही कायले आले?

३० नोव्हेंबर, रविवार
आज मोनालीने हात धरून मलाही खेळायला बसवलं. सतरा आठे? सगळे एकदम ओरडायला लागले आणि तालुक्यात पहिला आलेला माणूस गप्प. मोनालीने माझ्या हातावर टपली मारली. जोरात. म्हणाली, बाबा, ओरडा ना.

तोंड उघडलं. ओरडता आलं नाही.

शेवटी पोरांनी मला मोबाइल धरून उभं केलं. आवाज कमी करायचा नाही, अशी ताकीद देऊन.