भांडी घासून जाणारा चोर

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. तुझं चार पानी पत्र आणि सोबतचा घराचा नकाशा पोचला. नकाशात न्हाणीघर उलट्या बाजूला काढलं आहेस. लहानाचा मोठा याच घरात झालास ना?

दुपारी मी शिलाईच्या दुकानात असताना कुणीतरी घरात येऊन जातं, जात मात्र काहीच नाही, एवढंच मी कळवलं होतं. त्यावर तू लढाईचा बेत आखलास. तीस वर्षं गोदाम राखलंस आणि तुझ्या नाकासमोरून चोरानं वजनकाटा पळवला, हे मी विसरलेले नाही. तरी तुझं मन राखायला पुढच्या दारामागे भांडी रचली, पावलं उमटावीत म्हणून फरशीवर पीठ भुरभुरवलं आणि मागच्या दारानं कामाला गेले.

संध्याकाळी पाहते तर पीठ झाडून काढलेलं, भांडी घासून फळीवर पालथी घातलेली. असे आणखी दोन चोर तुझ्या ओळखीत असले तर पाठव.

लोभ आहेच. अक्कल टपालानं जात नाही, म्हणून नुसता लोभ धाडते.
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. थट्टा पुरे. अशी माणसं आधी घराचा अंदाज घेतात. एक दिवस सुट्टी काढ आणि शेजारणीला घेऊन आत दबा धरून बस. वजनकाटा माझ्या पाळीत गेला नव्हता, हे शेवटचं सांगतो.

काळजीपोटी लिहितो, राग नसावा.
धाकटा

१४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. शेजारणीला ऐन वेळी कंबरदुखी आठवली. काल मी एकटीच कापडाची मोठी कात्री घेऊन स्वयंपाकघरात बसले. अडीचला कुणीतरी किल्लीनं दार उघडलं. आपला दादा, जुनी किल्ली अजून जपून ठेवलेला.

त्यानं चपला काढल्या, हात धुतले आणि मला विचारलं, आज शाळा लवकर सुटली का. आई बाजारातून यायच्या आत भांडी आवरतो, म्हणाला. घराच्या हिश्श्याच्या कागदावर सही केली नाही म्हणून बारा वर्षांपूर्वी आपण दोघांनी त्याला घराबाहेर काढलं, त्यातलं त्याला काही आठवत नाही. मला सगळं आठवतं. हातात कात्री धरून बसलेल्या स्वतःची मला किळस आली.

त्याच्या सुनेला बोलावून घेतलं. वर्षभर त्याचं असंच चाललंय, दुपारी निसटतो तो कुठं जातो कळत नव्हतं, असं ती म्हणाली. तू एकदा ये. धाकट्याला दूध दिलं का, म्हणून तो सारखा विचारतो.

वाट पाहते.
ताई

१८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. सोंग आहे सगळं. आधी घरात पाय रोवायचा, मग हिस्सा मागायचा. तू भोळी आहेस. मी येणार नाही. कुलूप आजच्या आज बदल, आणि किल्ली घरच्या माणसांखेरीज कुणाच्या हाती देऊ नकोस.

लोभ वाढावा.
धाकटा

२२ फेब्रुवारी

धाकट्यास,
आशीर्वाद. तू म्हणालास तसं कुलूप बदललं. दोनच किल्ल्या मिळाल्या. एक माझ्याकडे आहे, दुसरी दोऱ्यात ओवून दादाच्या गळ्यात घातली. तुझ्याकडची जुनी टाकून दे.

कधी आलासच तर बेल वाजव. दुपारी दार दादा उघडतो. लोभाचं तेव्हा पाहू.
ताई