उखळाखालचं पाणी

इतवारी, नागपूर
चैत्र वद्य चतुर्थी, शके १८५७

प्रिय शामू,

तुला आणि तुझ्या कुशीतल्या लहानीला या म्हातारीचे पोटभर आशीर्वाद. माझं अक्षर पाहून हसू नको. तुझ्याच पाटीवर तुझ्याकडूनच शिकली मी, तेव्हा चुका असतील तर त्या मास्तरणीच्या. आज चतुर्थी, चंद्र दिसेपर्यंत जेवण नाही, म्हणून दुपारभर हात रिकामा आहे. कागद तुझ्या बापाच्या दुकानातला, लुगड्याच्या घडीत घालतात तो. हे पत्र यमुताई कासारीण बांगड्यांच्या टोपलीत तळाशी घालून आणेल. बाळंतिणीला बांगड्या भरायला तिला तुमच्या घरी बोलावलंच आहे. सासू जवळ बसली असली तरी घाबरू नको, यमुताईचे हात तुझ्या जन्माआधीपासून चलाख आहेत.

पहिली बातमी ही की आपला नळ फुटला आहे आणि मी फार खुशीत आहे.

फुटला म्हणजे डोळ्यांना दिसेल असा नाही. फरशीखाली कुठेतरी फुटला. आधी मुनसिपल कमेटीचं पाण्याचं बिल आलं, नेहमीच्या तिप्पट. चंपतनं, तुझ्या बापानं, ते तीनदा वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं जशी मी रोज गल्लीतल्या म्हशी धुऊन राहिली. मग खालच्या खोलीत भिंतीला ओलीनं लोणा चढला. मग एक दिवस उमरेडहून आलेल्या लुगड्यांच्या गठ्ठ्यांपैकी सगळ्यात खालच्याला हात लावला तर ओला. तेव्हा कुठे बाबाराव मिस्त्रीला बोलावणं गेलं. तो उकिडवा बसून फरशीवर टिचक्या मारत फिरला आणि म्हणाला की पाइप जुना, कुठे गळून राहिला ते खणल्याशिवाय देवालाही सांगता यायचं नाही. खणायची मजुरी वेगळी, जोडायची वेगळी, फरशी परत बसवायची वेगळी. भोक बुजवायला लागतील दोन रुपये, पण ते सापडायला किती लागतील याचा भरवसा नाही. कमेटीच्या माणसानं काम होईपर्यंत बाहेरची चावी बंद केली. बाबाराव आला की तेवढी अर्धा तास उघडून पाहायची.

पाणी भरायला चंपतनं दोन दिवस कहार लावला. तो खेपेखेपेला पैसे मागे, आणि इकडे बाबारावची मजुरी चालूच. तिसऱ्या दिवशी मीच माळ्यावरची लहान घागर काढली आणि चिंचेनं घासली. चंपत म्हणाला, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, म्हणतील म्हातारी अजून चालते. आणि निघाली की वं मी. बाहेरच्या उंबऱ्यावर जरा थबकली, खोटं कशाला सांगू. पाय विसरला होता तो उंबरा.

तुला ठाऊक नाही, तुझ्या जन्माआधीची गोष्ट. मी सून होऊन आली तेव्हा दिवसातून दोन खेपा विहिरीवर जात असू, मी आणि यमुना, हीच तुझी यमुताई. तिचं लग्न माझ्याच वर्षीचं. रस्त्यानं तिच्या सासूची नक्कल करत जायचो आणि येताना माझ्या सासूची. चंपत बारा वर्षांचा होता तेव्हा तुझ्या आजोबांनी घरात नळ घेतला. गल्लीतला पहिला. लोक पाहायला आले, पेढे वाटले. तुझे आजोबा छाती काढून सांगत की आता आमच्या घरच्या बाईला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं काम नाही. मलाही बरं वाटलं, खांदे सुटले होते. महिन्याभरानं उमगलं की पाणी घरात आलं आणि मी घरात राहिली. भाजी दारावर येते, दळण दारावरून जातं, देव देवघरात बसले आहेत. बाहेर जायला कारण लागतं शामू, आणि बाईमाणसाला पाण्याएवढं मोठं कारण दुसरं नव्हतं. माजघरापासून मागच्या पडवीपर्यंत सत्तावीस पावलं आहेत. पावसाळ्यात अठ्ठावीस, कौलं गळतात तिथे ठेवलेली बादली वळून जावं लागतं म्हणून. तेहतीस वर्षं मी तीच पावलं चालून राहिली. तू होतीस तोवर निदान शाळेतून येऊन रस्त्यावरचं सगळं सांगायचीस, कोणाचा टांगा उलटला, कोणाच्या पोरानं कोणाला मारलं. तू सासरी गेलीस आणि तेही दार लागलं. यमुनाही येईना. तुझ्या आजोबांमागे माझे हात मोकळे, तुझी आई तू चार वर्षांची असतानाच गेली, मग तुझ्यामागे या घरात बांगड्या घालणारं कोण राहिलं? कासारीण काहून येईल?

आणि ते भांडण. तू मांडवात अंतरपाटामागे होतीस, तुला अर्धंच ऐकू आलं असेल. तुझ्या सासऱ्यांना, रामाजींना, पाण्याचा तांब्या दिला तर त्यांनी विचारलं की विहिरीचं का नळाचं. नळाच्या तोटीत चामडं असतं, आम्ही पीत नाही, म्हणाले. आपल्या घरचा नळ म्हणजे चंपतला बापाची पगडी. तो म्हणाला, आमचं पाणी चालत नाही तर आमची पोर कशी चालते? मग तेही बोलले, हाही बोलला, आणि चारचौघांत दोघांनी एकमेकांच्या घरचं पाणी न पिण्याच्या शपथा घेतल्या. जे पाणीच पीत नाहीत ते एकमेकांकडे जातील कसे? इतवारी आणि महाल, मध्ये पाऊण कोसाचं अंतर, आणि दोन वर्षं झाली तुझं तोंड पाहून.

दिवाळीत दुकानावर कोणी बोललं की तुला दिवस गेले. चंपतनं घरी सांगितलं नाही, पण ताट दोनदा मागे सारलं तेव्हा मी विचारून काढलं. त्याला वाटे, रामाजींनी पोरीला न्या असा निरोप द्यावा. रामाजींना वाटलं असेल, बापानं घ्यायला यावं. दोघं आपापल्या दारात वाट पाहत बसले आणि पहिलं बाळंतपण, जे माझ्या हातानं माझ्या घरी व्हायचं, ते तिकडे झालं. तुला धुळवडीला मुलगी झाली आणि मला कळलं तेवीस दिवसांनी. सरकारी नळावर रांगेत उभी होती, मागून कोणी पाठीत चिमटा काढला. वळून पाहते तर यमुना. दात गेले आहेत, चिमटा तोच आहे. तिनं सांगितलं की तुझी शामू सुखरूप सुटली, मुलगी आहे, रंगानं तुझ्यावर गेली बिचारी. मी तिथेच रस्त्यात हसत बसली. बायका म्हणाल्या, हिला ऊन लागलं. पणतू झाला की सोन्याची फुलं उधळतात म्हणे पणजीवर. मुलीला फुलं नसतात, तर नसू दे, मला एवढी खुशी फुलांनी झाली नसती.

यमुनेनंच सांगितलं की येत्या शुक्रवारी तुला सव्वा महिना होतो, आणि तुझी सासू तुला तुमच्या महालातल्या महादेवाच्या देवळाजवळच्या विहिरीवर पूजेला नेणार. तोवर तू बाळंतिणीच्या खोलीत. दार बंद, शेगडी, धुरी, डोक्याला फडकं. हे ऐकल्यापासून मी सरकारी नळाची सकाळची रांग सोडली. देवापुरती कळशी विहिरीची आणते, असं चंपतला सांगितलं. तो जरा चमकला, कारण ही रामाजींची भाषा झाली. पण कुठल्या विहिरीची ते त्यानं विचारलं नाही. मी रोज सकाळी महालात येते शामू. तुमच्या दाराला निंबाचे डहाळे आहेत, गच्चीत पिवळी दुपटी वाळतात. एकदा रडण्याचा आवाज आला. तुझीच होती की शेजारची कोण जाणे, मी आपली तुझीच धरून घरापर्यंत चालली. आणि ऐक, तुझ्या सासूनं परवा माझा पोहरा ओढून दिला. आजी, सोडा, मी ओढते, म्हणाली. लग्नात मी मागच्या खोलीत बसली होती, तिनं मला पाहिलं कुठे होतं. वाईट बाई नाही वं ती. मला राग धरायचा होता, तो त्या दिवसापासून धरता येईना.

आता जे सांगते ते कोणाला सांगितलं नाही, यमुनेलाही नाही. नळ कुठे फुटला ते मला ठाऊक आहे. चावी बंद झाल्याच्या सातव्या दिवशी बाबारावनं परीक्षेसाठी पाणी सोडलं आणि तो चंपतला घेऊन अंगणात गेला. मी मागच्या पडवीत उखळापाशी मुसळावर डोकं टेकून बसली होती. मुसळाचं लाकूड कानाला लागलं आणि आतून आवाज आला, दूध उतू जायच्या आधी येतो तसा, बारीक, न थांबणारा. मुसळ उचलून दोन हात पुढे टेकवलं, आवाज कमी. परत उखळापाशी, आवाज जास्त. तोंडातून हाक निघालीच होती. मग वाटलं, आज सांगितलं तर संध्याकाळी पाइप जोडतील, उद्या नळ चालू होईल, आणि परवापासून माझी सत्तावीस पावलं. शुक्रवार तेव्हा दहा दिवसांवर होता. मी हाक गिळली.

तेव्हापासून बाबारावनं तीन खड्डे खणले. एक अंगणात, एक मोरीजवळ, एक लुगड्यांच्या खोलीत. तीनही कोरडे. प्रत्येक खड्ड्याला चंपतचं तोंड उतरतं आणि मी चहा करते. लग्नसराईचे गठ्ठे होते म्हणून मी आधीच सगळे वरच्या खोलीत नेऊन ठेवले, एकेक करून, कंबर मोडली पण माल भिजू दिला नाही. पोराचा पैसा मातीत घालून राहिली मी, हे मला कळतं. शपथेवर सांगते, आवडत नाही. माझे चांदीचे तोडे आहेत, तुझ्या आजोबांनी नळाच्याच वर्षी केलेले. काम झालं की ते त्याच्यापुढे ठेवीन आणि सगळं कबूल करीन. ओरडेल तर ओरडू दे.

पण काल रविवारी मोठीच पंचाईत झाली. बाबारावला दुसरं काही उरलं नाही, म्हणाला उद्या सकाळी पडवीतलं उखळ उपटून पाहू. रात्रभर मनात म्हटलं, पाचच दिवस राहिले होते रे महादेवा. आज सकाळी बाबाराव आलाच नाही. चंपत जेवायला बसला तेव्हा खाली पाहतच म्हणाला, "उखळ शनिवारी काढ म्हटलं त्याले. घरचं उखळ आहे, बिनमुहूर्ताचं हलवू नये." ज्यानं उभ्या जन्मात कधी पंचांग उघडलं नाही तो हे बोलून राहिला. मी भाकरी वाढली. त्यानं ताक मागितलं, प्यायला, हात धुतला, आणि अंगावर सदरा चढवताना म्हणाला, "त्या महादेवाच्या विहिरीचे दगड लय निसरडे आहेत माय. जपून जात जा." मग दाराशी गेला आणि तिथूनच सांगितलं की शुक्रवारी दुकान उशिरा उघडीन. का ते मी विचारलं नाही. धुळवडीपासूनचे दिवस मी एकटीच मोजून राहिली असं समजत होती.

म्हणून हा कागद काढला. शनिवारी उखळ निघेल, पाइप सापडेल, संध्याकाळपर्यंत नळाला पाणी येईल, आणि मग मला घराबाहेर न्यायला काही उरणार नाही. तेव्हा शुक्रवार नीट ऐकून घे. तू सवाष्णींबरोबर पायऱ्यांच्या बाजूनं येशील. त्यात माझं काम नाही, मी पलीकडच्या काठावर पिंपळाखाली घागर घेऊन उभी राहीन. हाक मारू नको, पाया पडायला येऊ नको, रडू तर मुळीच नको, ओल्या बाळंतिणीनं रडू नये. पूजा झाली की लहानीच्या तोंडावरचं दुपटं सार आणि तिला पिंपळाकडे कर. मी पाहीन, आणि देवळाच्या भिंतीला टेकून, जोडे हातात घेऊन, जसा कोणी दर्शनाला आलेला परका माणूस असावा तसा एक जण उभा असेल, तोही पाहील. त्याच्याकडे पाहू नको शामू. तुझी नजर भेटली तर तो तोंड फिरवून निघून जाईल, मी त्याला जन्म दिला आहे, मला ठाऊक आहे. तू आपली विहिरीत पाहत राहा आणि बाळ तसंच धरून ठेव. हात भरून आले तरी धरून ठेव. त्याला पोटभर पाहू दे.

तुझीच,
पिंपळाखालची आजी